भोंगा वाजला, पण जायचं कुठे?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मूर नावाचं शहर आहे. १९९९, २००३ आणि २०१३ अशा तीन वर्षी मोठे टोर्नाडो, म्हणजे ढगातून थेट जमिनीला टेकणाऱ्या प्रचंड वावटळी, या शहरावरून गेले. ३ मे १९९९ च्या टोर्नाडोत गाडीवर बसवलेल्या रडारने मोजलेला वारा ताशी ४८० किलोमीटरच्या घरात होता. त्या वादळाने ३६ बळी घेतले. २० मे २०१३ ला आणखी २४ गेले, त्यात शाळेतली मुलं होती. अशा शहरात सार्वजनिक शेल्टर किती असतील? एकही नाही. नगरपालिका ही गोष्ट लपवतही नाही. आमच्याकडे सार्वजनिक शेल्टर नाही, असाल तिथेच सुरक्षित जागा शोधा, असं ती नागरिकांना उघड सांगते. शेजारच्या ओक्लाहोमा सिटीचं धोरणही हेच आहे.

पहिल्यांदा ऐकलं की संताप येतो. पण नगरपालिकेचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. टोर्नाडोचा इशारा आणि प्रत्यक्ष टोर्नाडो यांच्यात हाती लागतात ती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, कधी तेवढीही नाही. तेवढ्यात पोरांना गोळा करायचं, गाडी काढायची, गारांच्या माऱ्यातून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं, आणि तेही अख्खं गाव त्याच वेळी रस्त्यावर उतरलेलं असताना. टोर्नाडोत गाडीइतकी वाईट जागा दुसरी नाही. मूरनंतर अकराच दिवसांनी, ३१ मे २०१३ ला, एल रिनो गावाजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नाडो उतरला. मूरची दृश्यं लोकांच्या डोळ्यांसमोर ताजी होती, त्यात टीव्हीवरच्या एका हवामान निवेदकाने गाड्या काढून दक्षिणेकडे निघण्याचा सल्ला दिला. ओक्लाहोमा सिटीचे महामार्ग तुंबले. टोर्नाडो त्या गाड्यांच्या रांगांपर्यंत पोचला नाही हे निव्वळ नशीब. पण काही कुटुंबं जीव वाचवायला पावसाळी पाण्याच्या भूमिगत नाल्यांत उतरली होती. त्याच वादळाच्या पावसाने नाले भरून वाहिले आणि ती माणसं बुडून मेली. त्यांत ग्वाटेमालाहून आलेल्या कुटुंबांतली लहान मुलं होती.

तेव्हा शहराच्या मध्यभागी एक भलंमोठं शेल्टर बांधा, असं माझं म्हणणं नाही. तिथे पोचताना माणसं मरतील. पण ‘सार्वजनिक शेल्टर धोक्याचं’ इथपासून ‘म्हणून ज्याने त्याने आपलं बघावं’ इथपर्यंत जी उडी मारली जाते, ती मला मान्य नाही. मधली वाट आहे: माणूस राहतो, शिकतो, काम करतो तिथून चालत एक-दोन मिनिटांवर शेल्टर असणं, आणि ते बांधण्याची जबाबदारी ती इमारत उभारणाऱ्यावर किंवा भाड्याने देणाऱ्यावर कायद्याने टाकणं. हे करायचं टाळून अमेरिकेतली बरीचशी राज्यं वर्षानुवर्षं जनजागृती करत बसली आहेत.

जागृतीच्या बाबतीत या देशाने कमाल केली आहे, यात शंका नाही. एके काळी लोक घाबरतील म्हणून सरकारी अंदाजात ‘टोर्नाडो’ हा शब्दच टाळला जाई. १९४८ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबश आणि मिलर या दोन हवाईदल अधिकाऱ्यांनी पहिला यशस्वी अंदाज दिला. १९७१ मध्ये टोर्नाडोची तीव्रता ठरवणारी तेत्सुया फुजिता यांची मोजपट्टी आली. पुढे देशभर ढगातल्या वाऱ्याचा वेग टिपणारे डॉपलर रडार बसले, आणि आता खिशातला फोनच किंचाळतो. २०१३ ला मूरसाठी इशारा निघाला २ वाजून ४० मिनिटांनी, आणि टोर्नाडो जमिनीला टेकला २ वाजून ५६ मिनिटांनी. म्हणजे हवामान खात्याने आपलं काम चोख केलं होतं. (नेहमीच असं होतं असं नाही. मे २०२५ मध्ये सेंट लुईस शहरात टोर्नाडो आला तेव्हा शहराचे भोंगे वाजलेच नाहीत. कळ कोणी दाबायची, यातच घोळ होता. उलट २०१७ च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहराचे दीडशेवर भोंगे कोणीतरी हॅक केले आणि आभाळात काही नसताना मध्यरात्री लोकांना उठवून बसवलं.)

इशाऱ्यावर झालेला हा खर्च सत्कारणी लागला, बळींचं प्रमाण त्याने घटलं. पण त्यातून एक सोयीची समजूतही रुजली. इशारा मिळाला होता, तरी माणूस मेला, म्हणजे चूक त्याचीच. ऐकलं नाही, गांभीर्याने घेतलं नाही, बाहेर अंगणात उभा राहून व्हिडिओ काढत बसला. २२ मे २०११ च्या जॉपलिनच्या टोर्नाडोनंतर हे फार ऐकू आलं. मिसुरी राज्यातल्या या मध्यम शहरात दीडशेहून अधिक लोक गेले. पहिला भोंगा वाजला ५ वाजून ११ मिनिटांनी, दुसरा ५ वाजून ३८ मिनिटांनी, आणि काही मिनिटांत टोर्नाडो शहरात शिरला. नंतरच्या चौकशीत दिसलं की पहिल्या भोंग्याला बहुतेकांनी हालचाल केली नव्हती. त्यांनी टीव्ही लावला, नातेवाइकांना फोन केले, दार उघडून आकाश पाहिलं.

यावर उपाय म्हणून सुचतं ते पुन्हा तेच: आणखी जागृती, आणखी कडक भाषेतले इशारे. मला यात माणसाच्या वागण्याचं अर्धंच वाचन दिसतं. जॉपलिनमधल्या बहुतेक घरांना तळघर नव्हतं. दहापैकी साधारण सात इशारे टोर्नाडोविनाच सरतात. ज्याच्या स्वयंपाकघरातून दहा पायऱ्या उतरल्या की तळघर आहे, त्याला सात वेळा उगाच उतरण्याचं काही वाटत नाही. तो जेवणाचं ताट घेऊनही उतरेल. पण ज्याला म्हातारी आई, दोन पोरं आणि कुत्रं गाडीत कोंबून तीन किलोमीटरवरच्या ओळखीच्या घरी जायचं आहे, तो खात्री केल्याशिवाय कसा निघेल? आकाशाकडे पाहत उभ्या राहिलेल्या माणसाला बेफिकीर म्हणण्याआधी त्याच्या घरात पाहावं. तिथे जायला जागाच नसेल, तर तो दुसरं काय करणार?

आणि नुसती जागृती कधी कधी उलटतेही. १९९१ मध्ये कॅन्ससमध्ये टीव्हीच्या एका चमूने महामार्गावरच्या पुलाखाली आसरा घेतला, तिथून चित्रीकरण केलं आणि ते सगळे सुखरूप वाचले. ती चित्रफीत देशभर दाखवली गेली. पुलाखाली शिरलं की वाचतो, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रत्यक्षात पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो आणि उडता मलबा तिथूनच आरपार जातो. १९९९ ला ओक्लाहोमात वेगवेगळ्या पुलांखाली तिघे गेले. त्यांना माहिती होती, फक्त ती चुकीची होती, आणि खरी जागा जवळपास नव्हती.

ओक्लाहोमात तळघरं का नाहीत, याची कारणं लोक सांगतात ती लाल चिकणमातीची आणि भूजलाची. त्यात तथ्य आहे, पण मुख्य कारण पैशाचं आहे. उत्तरेला थंडीत जमीन खोलवर गोठते, त्यामुळे घराचा पाया तसाही खोल न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर तळघर थोडक्यात होतं. दक्षिणेला जमीन तितकी गोठत नाही. बिल्डर सपाट काँक्रीटचा चौथरा ओततो आणि वर घर उभं करतो. तळघर म्हणजे मग निव्वळ जादा खर्च. थोडक्यात, उत्तरेकडच्या आयोवातल्या माणसाला जे थंडीमुळे मिळतं, ते ओक्लाहोमातल्या माणसाने वेगळे पैसे मोजून विकत घ्यायचं.

पैसे असले की सोय चांगली होते, हे कबूल करायला हवं. ओक्लाहोमातल्या एका ओळखीच्या घरी मी गॅरेजच्या जमिनीत पुरलेलं शेल्टर पाहिलं आहे. फरशीत बसवलेलं सरकतं लोखंडी झाकण, त्यावर एरवी गाडी उभी. झाकण ढकललं की उभ्या शिडीसारख्या चार-पाच पायऱ्या, आत दोन बाजूंना दोन बाकं. सहा माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसतील एवढीच जागा. कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या, विजेरी, जुने बूट, आणि झाकण बाहेरून मलब्याखाली अडकलं तर आतून उचलायला जॅक. नगरपालिकेकडे या शेल्टरची नोंद करता येते, म्हणजे घर कोसळलं तर अग्निशमन दल नेमकं कुठे खणायचं ते शोधत बसत नाही. मूरमध्ये अशी नोंदणी आहे. यजमान उत्साहाने सगळं दाखवत होते, आणि माझं लक्ष पायऱ्यांकडे होतं. गुडघेदुखी असलेल्या सत्तरीच्या बाईंना या उतरता येतील?

जमिनीत उतरणं जमत नसेल, तर जमिनीवरच भक्कम खोली बांधता येते. हा शोध टेक्सासमधल्या लबक शहराचा म्हणायला हरकत नाही. ११ मे १९७० ला लबकवर टोर्नाडो आला, २६ माणसं गेली, आणि तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी पडझडीत फिरून निरीक्षणं सुरू केली. अख्खं घर गेलेलं, पण मधली एखादी लहान खोली, कपाट किंवा न्हाणीघर तेवढं उभं, असं पुन्हा पुन्हा दिसत होतं. अर्न्स्ट किसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून घराच्या आतली सेफ रूम विकसित केली. तिची परीक्षा हवेच्या तोफेने घेतात: सुमारे सात किलोचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आणि दारावर मारायचा, तो आत घुसता कामा नये. संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने, म्हणजे फेमाने, घरगुती सेफ रूमचे आराखडे १९९८ मध्येच प्रसिद्ध केले. ताशी ४०० किलोमीटरचा वारा सोसेल अशी खोली. म्हणजे तंत्राचा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीच सुटला आहे.

उरतो तो प्रश्न कोणाला मिळतं याचा. अमेरिकेतल्या घरांपैकी साधारण सहा टक्के घरं कारखान्यात तयार होऊन जागेवर आणून ठेवलेली असतात. त्यांना फिरती घरं म्हणतात, पण एकदा ठेवली की ती बहुधा कुठे फिरत नाहीत. टोर्नाडोत घरात असताना मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक या सहा टक्क्यांतले असतात. मार्च २०२३ मध्ये मिसिसिपीतल्या रोलिंग फोर्क गावात रात्रीच्या टोर्नाडोने जे मारले, त्यातलेही बहुतेक अशा घरांतलेच. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर, १९९४ मध्ये, किनारपट्टीवरच्या अशा घरांसाठी वाऱ्याचे निकष कडक झाले; टोर्नाडोच्या पट्ट्यात ते जुनेच राहिले. इथे तर जागृतीचा सल्लाच हास्यास्पद होतो. फिरत्या घरात थांबू नका, पक्क्या इमारतीत जा, असं सरकारी पत्रक सांगतं. पक्की इमारत कोणाची? रात्री दोन वाजता कोण दार उघडणार?

मिनेसोटाने याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. दहा किंवा अधिक घरांची अशी वसाहत १९८८ च्या मार्चनंतर सुरू झाली असेल, तर मालकाने शेल्टर दिलंच पाहिजे. जुन्या वसाहतींना निदान मंजूर स्थलांतर योजना तरी लागते. मिनेसोटा काही टोर्नाडोंचं माहेरघर नव्हे. ओक्लाहोमा, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांना असा सरसकट नियम करायला काय अडलं आहे?

शाळांच्या बाबतीत काय अडतं ते ओक्लाहोमाने दाखवून दिलं. २०१३ ला मूरच्या प्लाझा टॉवर्स प्राथमिक शाळेत सात मुलं गेली. शाळेत शेल्टर नव्हतं. त्यानंतर ‘टेक शेल्टर ओक्लाहोमा’ नावाची मोहीम उभी राहिली: ५० कोटी डॉलरचे रोखे काढा, शाळाशाळांत शेल्टर बांधा, फेड कंपन्यांवरच्या फ्रँचाइझ करातून करा, यावर जनमत घ्या. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, स्कॉट प्रुइट यांनी मतपत्रिकेवरची भाषा बदलून कराचा मुद्दा पुढे आणला. वाद कोर्टात गेला, वेळ गेला, पुरेशा सह्या जमल्या नाहीत, आणि प्रस्ताव मतदानापर्यंत पोचलाच नाही. अलाबामात १ मार्च २००७ ला एंटरप्राइज शहराच्या हायस्कुलात आठ विद्यार्थी गेले होते. त्या राज्याने २०१० मध्ये नव्या सरकारी शाळांना सेफ रूम सक्तीची केली. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेतही सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातल्या नव्या शाळांना शेल्टर सांगितलं आहे. पण संहिता राज्याने किंवा शहराने स्वीकारावी लागते, आणि ‘नव्या’ या शब्दामुळे जुन्या शाळा सुटतात.

भाड्याच्या अपार्टमेंटचं नाव मात्र कोणत्याच यादीत येत नाही, आणि इथे आपली माणसं येतात. डॅलसच्या आसपास, अर्व्हिंगपासून फ्रिस्कोपर्यंत, मराठी कुटुंबं भरपूर. नोकरीसाठी आलेलं जोडपं आधी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतं. मीही राहिलो आहे. करारनाम्यात कुत्र्याचं वजन किती चालेल ते होतं, गॅलरीत शेगडी लावायची नाही हे होतं. टोर्नाडोच्या वेळी कुठे जायचं, यावर ओळ नव्हती. ऑफिसात विचारलं तर हसून उत्तर मिळालं, बाथटबमध्ये बसा आणि वर गादी घ्या. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी भोंग्यांची चाचणी होते. पुण्याहून किंवा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा पहिल्यांदा दचकतात, मग सरावतात. त्यांच्या फोनवर येणारा इशारा इंग्रजीत असतो. २६ डिसेंबर २०१५ ला याच भागात, गारलंड आणि रौलेटच्या पट्ट्यात, टोर्नाडोने १० जण मारले. त्यातले बरेच महामार्गावर गाडीत होते. तेव्हा ही काही ओक्लाहोमाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

पुढे घर घेतलं तरी फारसा फरक पडत नाही. दुमजली घर, तळघर नाही. त्यातल्या त्यात बरी जागा जिन्याखालची कोठी. ती उघडून पाहा: भारतवारीच्या बॅगा, तांदळाची पोती, गणपतीची मखर, थर्माकोलचे खांब, कार्यक्रमाच्या सतरंज्या. वादळात माणूस तिथे शिरणार कसा? एवढं तरी इथल्या महाराष्ट्र मंडळांनी उन्हाळी कार्यक्रमात सांगावं. ती कोठी रिकामी करायला कायदा लागत नाही. पण जिन्याखालची कोठी हे मोठ्या टोर्नाडोला उत्तर नव्हे, हेही त्याच दमात सांगावं.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाही. टोर्नाडोच्या पट्ट्यातही एखाद्या ठरावीक घरावर, ठरावीक वर्षी, टोर्नाडो येण्याची शक्यता अतिशय थोडी असते. बहुसंख्य टोर्नाडो किरकोळ असतात. प्रत्येक पक्क्या घराला सरकारी पैशाने शेल्टर देणं हा पैशाचा शहाणा वापर ठरणार नाही, हे मी मान्य करतो. त्यातून वाचणाऱ्या एका जिवामागे जो खर्च येतो, त्यात रस्त्यांवर किंवा दवाखान्यांत जास्त जीव वाचतील. पण म्हणूनच पैसा कुठे टाकावा हे स्पष्ट होतं. केविन सिमन्स आणि डॅनियल सटर या अर्थतज्ज्ञांनी हा हिशोब मांडला आहे: तोच डॉलर पक्क्या घराऐवजी फिरत्या घरांसाठी खर्च केला तर जास्त जीव वाचतात.

ओक्लाहोमाची सरकारी मदत मात्र उलट दिशेने वाहते. ‘सूनरसेफ’ योजनेत नाव नोंदवायचं आणि सोडतीची वाट पाहायची, आपल्याकडे म्हाडाच्या घरांसाठी पाहतात तशी. नाव निघालं तर शेल्टर आधी स्वतःच्या पैशाने बसवायचं, मग खर्चाचा काही भाग, तोही ठरावीक मर्यादेतच, परत मिळतो. घर स्वतःच्या मालकीचं हवं. भाडेकरू यात येतच नाही, आणि ज्याच्याकडे आधी टाकायला पैसे नाहीत तोही येत नाही.

भारतात ओडिशाने वेगळी वाट धरली. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर किनाऱ्यावर शेकडो चक्रीवादळ निवारा केंद्रं उभी राहिली. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, टोर्नाडोची लागत नाही, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी अमेरिकेत नेता येणार नाही. पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. त्या इमारती एरवी शाळा म्हणून, गावाचं सभागृह म्हणून वापरात असतात. आणि प्रत्येक केंद्राची देखभाल करायला गावातलीच समिती असते, म्हणजे किल्ली कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक असतं. जॉपलिनने पुनर्बांधणी करताना शाळांमध्येच सेफ रूम बांधल्या आणि त्या आसपासच्या रहिवाशांसाठीही खुल्या ठेवल्या, हा त्यातलाच प्रकार.

फिरत्या घरांच्या वसाहतीत कपडे धुण्याची सामाईक खोली बहुधा असतेच. अपार्टमेंटमध्ये व्यायामशाळा, ऑफिस, टपालपेट्यांची खोली असते. नवं बांधताना यातली एक खोली सेफ रूमच्या निकषाने बांधायची, इशारा निघताच तिचं दार आपोआप उघडेल असं कुलूप लावायचं, आणि ती कुठे आहे हे करारनाम्याच्या पहिल्या पानावर छापायचं. मालक म्हणतील, भाडं वाढेल. वाढेल. शंभर घरांत वाटलेला, वीस-तीस वर्षांवर पसरलेला एका खोलीचा जादा खर्च किती होतो, ते त्यांनी विधिमंडळाच्या समितीसमोर मांडावं, आणि आमदारांनी तो आकडा ऐकून मग नाही म्हणावं. मूर शहराने २०१४ मध्ये नव्या घरांसाठी ताशी २१७ किलोमीटर वाऱ्याचा निकष लावला, तेव्हाही बिल्डरांनी पाठ फिरवून गाव सोडलं नाही.